पुढचे दोन, मागचे दोन

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. इतक्या उशिरा डहाणूच्या घरात फोन वाजला की अजूनही सगळे अंथरुणात उठून बसतात. कोण गेलं, हा पहिला विचार. पण गडी खुशीत होता. "मामा, ऐक ना, टायर कुठले घालू?"

पार्श्वभूमी अशी. भाचा ठाण्याला असतो, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो (काय ते मला तीनदा सांगून झालंय), आणि यंदा त्याने लहानपणापासूनची हौस पुरी केली. सेकंडहँड ऑडी टीटी घेतली. दोन दारांची, बुटकी, कासवाच्या पाठीसारखी गोल. आमच्या वाडीच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा मधल्या उंचवट्याला पोट घासू नये म्हणून दोघेजण पुढे चालत होते. गाडी चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण पुढचे दोन टायर जवळजवळ गोटा झालेले, मागचे अर्धे. त्याला पुढचे दोनच बदलायचे होते. "मागचे चालतील रे अजून एक पावसाळा," असं तो म्हणाला आणि माझ्या पोटात धस्स झालं. का, ते पुढे सांगतो.

हा प्रश्न त्याने मलाच विचारला, कारण माझी सगळी नोकरी मुंबईतल्या एका टायर कारखान्यात गेली. बी. एस्सी. केमिस्ट्री करून १९८५ साली चिकटलो ते मिक्सिंग खात्यात. मिक्सिंग म्हणजे रबर, काळी पूड, तेल, गंधक, झिंक ऑक्साइड हे सगळं बॅनबरी नावाच्या प्रचंड यंत्रात मळायचं. थोडक्यात, पोळ्या करणाऱ्यांत मी कणीक तिंबणारा. ती काळी पूड कातडीत इतकी मुरते की रविवारी उशीवरसुद्धा काळा डाग पडायचा. त्यामुळे टायर या विषयावर मला कुणी एक प्रश्न विचारला की मी १८८८ सालापासून सुरुवात करतो. घरच्यांना हे माहीत आहे. भाच्याने बहुधा फोन स्पीकरवर टाकून भांडी घासून घेतली असतील.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, हे शाळेत शिकवतात. त्याच्या आधी १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हवेच्या टायरचं पेटंट घेऊन ठेवलं होतं, हे शिकवत नाहीत. पण मला या सगळ्यात आवडतात ते मिशलँ बंधू. १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. मोटारीला हवेचे टायर लावायला कुणी तयार होईना, तेव्हा हे दोघे भाऊ स्वतःच गाडी घेऊन उतरले. वाटेत पंक्चरवर पंक्चर. पोचले ते ठरलेली वेळ उलटून गेल्यावर. लोक हसले. पण गाडी हवेवर चालू शकते हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या काळचे टायर पांढुरके असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड घालत. मिशलँचा तो टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे तो म्हणूनच. तो १८९८ मधला. रबरात काजळी घातली की टायर कितीतरी जास्त टिकतो हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कळलं आणि पुढे सगळे टायर काळे झाले. माझ्या उशीवरच्या डागाचा उगम तिथे आहे.

आपल्याकडे हे सगळं आलं ते बंगालच्या वाटेने आणि मुंबईच्या वाटेने. डनलॉपचा सहागंजचा कारखाना १९३६ सालचा. मुंबईत शिवडीला फायरस्टोन होती. सिएट ही मूळची इटलीतल्या तुरीनची, १९२४ सालची. ती भारतात आली १९५८ मध्ये आणि भांडुपचा तिचा कारखाना रेल्वेतून जाताना वासानेच कळायचा. गोयंका समूहाकडे ती गेली १९८२ साली. एमआरएफवाल्यांनी १९४६ मध्ये मद्रासला फुगे करण्यापासून सुरुवात केली होती. फुगा काय आणि टायर काय, हवा धरून ठेवायची हाच धंदा.

या कारखान्यांतले टायर सुरुवातीला सगळे एकाच जातीचे होते, क्रॉसप्लाय. आपल्या बाजारात याला कुणी क्रॉसप्लाय म्हणत नाही, 'नायलॉन' म्हणतात. आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे, खाटेच्या विणीसारखे. मजबूत, स्वस्त, पंक्चर काढायला सोपे आणि दगड खाणारे. ओव्हरलोड ट्रकला आणि आमच्या रस्त्यांना ते मानवले. जुना नायलॉन टायर कापून त्याच्या चपला होत. तलासरीच्या बाजारात मी लहानपणी टायरच्या चपलांचा ढीग पाहिलाय. त्या घालून वारली बायका डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढण चढायच्या. ट्रक लाख मैल पळून थांबला की त्याचा टायर असा पुढे चालू लागायचा.

आमच्या अण्णांकडे जुनी फियाट होती. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सने बनवलेली. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभा केला होता. अण्णांची घोलवडला थोडी चिकूची बाग. बागेचं उत्पन्न येईल तसे टायर यायचे, एकेक करून. पाच पॉइंट वीस चौदा, ५.२०-१४, हा साइज मला बाराखडीसोबत पाठ झाला. चार चाकांना चार कंपन्यांचे टायर आणि स्टेपनीला रिमोल्ड, ही आमची नेहमीची अवस्था. तेव्हा सगळ्यांचीच असायची म्हणा.

रेडियलची गोष्ट इथून सुरू होते. त्याच मिशलँ कंपनीत मारियुस मिन्योल नावाचा माणूस होता, मुळात छापखान्यातला. टायर तापतो कुठे हे शोधायला त्याने एक विचित्र टायर बनवला. बाजूच्या भिंतीत तिरप्या विणीऐवजी सुट्या तारा उभ्या लावल्या, मधे मोकळी जागा. दिसायला माश्यांच्या पिंजऱ्यासारखा, म्हणून नावही तेच पडलं. हा टायर तापेचना. तिरप्या विणीत दोऱ्या एकमेकींवर घासतात, त्यातून उष्णता. उभ्या तारांना घासायला कुणी नाही. मग वरून पोलादी पट्टा गुंडाळला की रस्त्याला लागणारा भाग ताठ आणि बाजू मऊ. १९४६ मध्ये पेटंट, १९४९ पासून बाजारात. टायरच्या इतिहासात हवेनंतरची मोठी गोष्ट हीच, असं माझं मत. काळी पूड दोन नंबरला. (मिक्सिंगवाला असून असं म्हणतोय, यावरून किती प्रामाणिक आहे बघा.)

भारतात रेडियल आला १९७७ साली, जेके टायरने आणला. लोकांना तो आवडला नाही. बाजू मऊ असल्यामुळे रेडियल जमिनीला टेकतो तिथे थोडा बसल्यासारखा दिसतो. लोकांना वाटे हवा कमी आहे. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या बघायचा आणि न विचारता ठासून हवा भरायचा. मग टायर मधोमध झिजायचा आणि दोष रेडियलला.

१९८७ मध्ये, नोकरीला दोन वर्षं झाली असताना, मी पगारातून अण्णांच्या गाडीला दोन रेडियल टायर घेतले. चार घेण्याएवढे पैसे नव्हते. पहिलाच मुलगा घरातला, टायर कारखान्यात नोकरी, म्हणजे त्या विषयात माझा शब्द अखेरचा. टायरवाल्याने चारोटी नाक्यावर विचारलं, कुठे लावायचे? (महामार्गावरचे बरेच टायरवाले केरळचे, तेव्हाही आणि आताही. हिंदी त्यांचं, मराठी आपली, आणि मधे पाना.) मी छाती काढून सांगितलं, पुढे लाव. वळतात पुढची चाकं, मग चांगले टायर पुढेच नकोत का? तो काहीतरी बोलला, डोकं हलवलं. मी ऐकलं नाही. मागे जुने नायलॉनच राहिले.

त्या जुलैत वापीला एका बारशाला निघालो होतो. मी चालवत होतो, शेजारी अण्णा, मागे आई आणि धाकटी बहीण. डहाणूहून आशागडवरून चारोटीला, तिथून राष्ट्रीय महामार्ग आठ. आज याला ४८ म्हणतात. तेव्हा रस्ता दोन पदरी, समोरून ट्रक अंगावर यायचे. धुंदलवाडीच्या पुढे पाऊस असा लागला की वायपर असून नसल्यासारखे. पुढे ट्रकचा लाल दिवा दिसला, मी पाय उचलला आणि डावीकडे वळवलं. पुढची चाकं वळली. झकास वळली, जशी कधी वळली नव्हती. मागची चाकं मात्र सरळच गेली. गाडी स्वतःभोवती फिरली, रस्त्याखाली उतरली आणि भाताच्या खाचरात मागच्या बाजूने जाऊन बसली. आईला खरचटलं. बहिणीच्या गळपट्टीचं हाड मोडलं. एकोणीस वर्षांची होती.

आवण चालू होतं. खाचरातली माणसं हातातली रोपं टाकून धावत आली आणि गाडीचं दार उघडून आधी तिला बाहेर काढलं. त्यांच्यापैकी कुणाचंही नाव आम्ही विचारलं नाही, हे मला आजही खुपतं.

सगळ्यांनी दोष पावसाला दिला, रस्त्याला दिला, त्या ट्रकवाल्याला दिला. मला मात्र आठवड्याभरात कळलं. कारखान्यातल्या तांत्रिक खात्याच्या कपाटात एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात ठळक अक्षरांत छापलेलं: पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय कधीही लावू नये. ब्रिटनमध्ये तर त्याला कायद्यानेच बंदी. कारण साधं आहे. रेडियल रस्ता धरून ठेवतो, क्रॉसप्लाय त्याच वळणावर आधी सुटतो. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि माणसाला ते कळतं, तो पाय उचलतो, बहुतेक वेळा सावरतं. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि ते सावरायला लागणारा माणूस लाखात एक. मी तो नव्हतो. त्या टायरवाल्याला हे ठाऊक होतं. मला पदवी होती.

अण्णांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. पुढच्या महिन्यात गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा मागेही दोन रेडियल होते. पैसे कुठून आणले ते सांगितलं नाही.

असो. भाच्याकडे येतो.

त्याच्या गाडीला लागणारा टायर हा त्या रेडियलचा नातू. १९७० च्या दशकात इटलीत पिरेलीने लँचिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पी सेव्हन नावाचा टायर केला. तोवर टायर उंच आणि अरुंद असत. हा बुटका आणि रुंद, आणि पोलादी पट्ट्यावर नायलॉनचा आणखी एक वेढा, अगदी सरळ गुंडाळलेला. वेगात टायर बाहेरच्या बाजूला ताणला जातो, तो या वेढ्याने आवळून धरला. पोर्शेच्या ९११ टर्बोला तो लागला आणि 'परफॉर्मन्स टायर' ही जात जन्माला आली. आपल्या फियाटला ते कौतुक परवडणारं नव्हतंच. आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे काय होतं हो? नाही म्हणायला गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची फायबरची गाडी बनली होती, आत रेनॉचं छोटं इंजिन. गोंडस होती. फार विकली गेली नाही.

भाच्याचा साइज २४५/४० आर १८. म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर आणि बाजूची उंची त्याच्या ४० टक्के, ९८ मिलिमीटर. चार इंचसुद्धा नाही. अण्णांच्या फियाटच्या टायरची रुंदी याच्या जेमतेम निम्मी आणि उंची याहून जास्त. पुढे ९३ वाय लिहिलंय. ९३ म्हणजे एक टायर ६५० किलो पेलतो, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. आपल्याकडे चौपदरी महामार्गावर कारला २०१८ पासून मर्यादा १०० ची आणि एक्सप्रेसवेवर १२० ची. भाचा म्हणाला, "मग मामा, कमी अक्षराचा घेऊ का, स्वस्त पडेल?" नाही. ते अक्षर नुसतं पळायचं नाही, तापायचंही आहे. मे महिन्यात काँक्रीटवर तासभर शंभराने गेलं की टायर किती तापतो ते हात लावून बघ. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या अक्षराच्या खाली उतरायचं नाही.

मग त्याने खरी इच्छा सांगितली. त्याला इंटरनेटवर भेटलेल्या कुणा मित्रांनी ट्रॅकवरचा टायर सुचवला होता. मऊ रबर, नक्षी नावापुरती, डांबराला च्युइंगमसारखा चिकटणारा. कोरड्यात त्याला तोड नाही, हे मी मान्य केलं. पण आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. तिथे नक्षीचं काम एकच, पाणी बाजूला सारणं. साठच्या दशकात अमेरिकेतल्या नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरांवरून एक सोपं सूत्र काढलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा आणि १०.३५ ने गुणा. तितक्या मैलांच्या वेगाला गुळगुळीत टायर साठलेल्या पाण्यावर तरंगायला लागतो. दाब ३३ असेल तर सुमारे ९६ किलोमीटर. फियाटमध्ये आम्ही २४ भरायचो, तिथे ८२. आणि हवा अनेक दिवस न बघता २० वर आली असेल तर ७५ सुद्धा नाही. टायर रुंद असेल तर पाणी ढकलायचं काम आणखी वाढतं. त्या मऊ टायरच्या डब्यावर हे लिहिलेलं नसतं.

इथे मला माझ्या खात्याबद्दल दोन शब्द बोलू द्या. पूर्वी ओल्या रस्त्यावरची पकड वाढवायची तर टायर जड चालायचा, पेट्रोल जास्त जायचं. हलका चालणारा करावा तर पावसात घसरायचा. एक घेतलं की दुसरं सुटायचं. १९९२ च्या सुमारास मिशलँने काळ्या पुडीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका घालायला सुरुवात केली. सिलिका म्हणजे वाळूचंच शुद्ध, बारीक रूप. पण सिलिका आणि रबर यांचं पटत नाही, तेल-पाण्यासारखं. त्यांना बांधायला सिलेन नावाचं रसायन लागतं, आणि ही सोयरीक यंत्रात ठरावीक उष्णतेतच जुळते. थोडं कमी तापलं तर जुळत नाही, थोडं जास्त तापलं तर आख्खा घाण गोळा होऊन बसतो. आमच्याकडे सुरुवातीला किती माल फेकून दिला ते विचारू नका. पण जमलं की टायर पावसातही धरतो आणि हलकाही चालतो. भाच्याच्या दुकानदाराने दाखवलेले सगळे चांगले टायर या जातीचे आहेत. उशीवर डागही कमी पडत असतील आता.

म्हणून त्याला म्हटलं, उन्हाळी परफॉर्मन्स टायर घे. परदेशी साइटवर 'ऑल सीझन' वाचून भुलू नकोस. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होतं म्हणून थंड देशांत तो दुसरा प्रकार लागतो. डहाणूत ७ अंश झाले तर चिकू आधी मरतील, टायरचं नंतर बघू. युरोपात २०१२ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक टायरवर लेबल असतं, त्यात ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वर्ग दिलेला असतो. त्यात 'ए' बघ. ८० च्या वेगावरून ब्रेक मारला तर 'ए' आणि तळाच्या वर्गात चार गाड्यांच्या लांबीएवढं अंतर पडू शकतं. अमेरिकन टायरवर 'ट्रेडवेअर ३००' असला आकडा असतो, तो टिकाऊपणाचा. पण प्रत्येक कंपनी आपला आकडा आपणच ठरवते, त्यामुळे एका कंपनीचे ३०० आणि दुसरीचे ३२० यांची तुलना म्हणजे दोन शाळांतल्या मुलांच्या चाचणी परीक्षेची तुलना.

मिळण्याचीही गंमत आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरांच्या आयातीवर निर्बंध आणले, परवान्याशिवाय आणता येईनात. मोठ्या साइजचे टायर दुकानातून गायब झाले आणि असले गाडीवाले महिनोन् महिने ताटकळले. अपोलोने २००९ मध्ये विकत घेतलेल्या डच व्रेडेस्टाइनच्या नावाचे टायर २०२१ पासून इथे मिळू लागले, ते त्याच काळातलं. दुकानात नग कमी असला की जुना माल गळ्यात मारला जातो. म्हणून बाजूवरचे चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. भाच्याच्या गाडीवरच्या मागच्या टायरांवर २२१७ होतं, म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. नक्षी अर्धी शिल्लक असली तरी रबर म्हातारं झालेलं. कायद्याला नक्षी १.६ मिलिमीटर पुरते, पण पावसात ३ च्या खाली गेलेल्या टायरवर मी तरी माझ्या माणसांना बसवणार नाही.

"म्हणजे मागचेही बदलू?" तो म्हणाला. "चार टायर लाखाच्या घरात जातात रे मामा."

गाडी चारही चाकांना ताकद देणारी आहे, पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक पडला की मधली यंत्रणा सतत झटत राहते आणि खराब होते, हे मी सांगितलं. ते खरंही आहे. पण ते काही माझं कारण नव्हतं. त्याला चारोटीच्या सूर्या नदीच्या पुलावरचा ४ सप्टेंबर २०२२ चा अपघात आठवत होता, सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले तो. तो टायरचा अपघात नव्हता. पण आमच्या भागातल्या प्रत्येक आईच्या डोक्यात तो पूल बसला आहे, आणि भाचा तिथूनच वळून आमच्याकडे येतो. त्या रस्त्यावर घोडबंदरपासून तलासरीपर्यंत जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर द्यायचं काम अलीकडे झालं. काम चालू असताना कडांना पाणी साठायचं ते सगळ्यांनी पाहिलंय.

मग मी त्याला १९८७ सांगितलं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढे कुठले होते, मागे कुठले होते, आणि कुणी सांगितलं होतं पुढे लाव म्हणून. फोनवर बराच वेळ आवाज नाही. भांडी घासणं थांबलं होतं. मग म्हणाला, "आईचा खांदा?" मी म्हटलं, हो. पाऊस यायच्या आधी तिचा खांदा दुखतो, तो.

हे इथे लिहायचं तर आधी तिला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला गेलो. तिने चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "दादा, मला ठाऊक आहे. अण्णांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं. म्हणाले, त्याला बोलू नको, तो आधीच खचलाय." म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं घरात एक मी सोडून सगळ्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. आईलासुद्धा.

चार टायर आले. एकाच कंपनीचे, एकाच महिन्याचे. बसवताना मी हजर होतो, दुकानातल्या मुलाला अलाइनमेंटचा कागद दोनदा काढायला लावला, त्याने भाच्याकडे बघून डोळे फिरवले. पहिल्या रविवारी ते दोघे डहाणूला आले. बहीण गाडीतून उतरली आणि आधी मागे जाऊन वाकून मागचे टायर बघितले. मग म्हणाली, "मागच्या सीटवर कुणी बसत नाही ना रे?" मागची सीट इतकी लहान आहे की तिथे शाळेची पिशवीसुद्धा तिरकी ठेवावी लागते.

जुने चार टायर त्याने डिकीत घालून दोन खेपांत इथेच आणून टाकले. टायरच्या चपला करणारं आता कुणी नाही, आणि करायच्या म्हटलं तरी पोलादी तारेचा टायर सुरीला दाद देत नाही. वाड्याकडे जुने टायर भट्टीत घालून तेल काढतात, तिकडे द्यायची माझी इच्छा नाही. शेवटी बागेत राखणीला असतो त्याने एक मागितला, नातवाला झोपाळा करायला. काल तो चिकूच्या फांदीला बांधून दिला. फांदीने धरलं. खालच्या बाजूला ड्रिलने पाच भोकं पाडली, पावसाचं पाणी साठून डास होऊ नयेत म्हणून. तिथेही तार मधे आली आणि दोन बिट मोडले.